ऐकल्याचं हां

प्रार्थना संपली होती. मुली रांगेत उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी माझी पिशवी मागून घेतली आणि व्हरांड्याच्या पायरीवर उलटी केली.

सुकट पडली. मिसरीची डबी पडली आणि घरंगळत पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या पायाशी गेली. जुन्या लुगड्याच्या फाडलेल्या पट्ट्या पडल्या. त्या कशासाठी असतात ते तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. शेवटी फडक्यात बांधलेले वाल पडले. गाठ सुटली आणि वाल पायरीवरून खाली विखुरले.

सरांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला.

"शी. काय वास आहे. ह्या हातांनी तू पोरींच्या जेवणाला हात लावतेस?"

एक मास्तर हसले. मग मुली हसल्या. त्या मुली आमच्याच वाड्यांमधल्या होत्या, त्यांच्या घरी हीच सुकट भाजतात. त्यांना मी दोष देत नाही. मास्तर हसले की आपणही हसायचं, हे शाळा पहिल्याच वर्षी शिकवते.

"कोठीतली डाळ कमी का पडते ते आज कळलं," सर म्हणाले. "कातकऱ्याला कोठीत घेतलं की हेच होणार. लिहून घ्या."

एका मास्तरांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला फार पुढे वाचायला मिळालं. 'पिशवीत डाळवर्गीय धान्य आढळून आले.'

डाळवर्गीय धान्य. आमच्या भागातल्या शेंबड्या पोराला विचारा, वाल कुठला आणि तूरडाळ कुठली ते तो सांगेल. माझी आई मुरबाडकडे दुसऱ्यांच्या शेतात राबते. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल होतात. ते काढायला ती जाते आणि मजुरी म्हणून तिला वालच देतात. त्यातले तिने मला दिले होते. शाळेच्या कोठीत वाल कधी आलेच नाहीत. सरांना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांना स्वतःला वालाचं बिरडं आवडायचं.

मी खाली बसून वाल वेचायला लागले. सर म्हणाले, "हात लावू नकोस. तो पुरावा आहे."

मी हात मागे घेतला. याची मला आजही सगळ्यात जास्त चीड येते. माझ्या आईच्या मजुरीला मी हात लावायचा नाही, आणि मी ते ऐकलं.

मी सरकारी आश्रमशाळेत कामाठी होते. कामाठी म्हणजे पाणी भरायचं, भाजी चिरायची, भांडी घासायची, झाडलोट करायची, पोरगी तापली तर तिच्या उशाशी बसायचं. शाळा शहापूरपासून आत, डोंगराच्या अंगाला. मी स्वतः अशाच शाळेत राहून नववी शिकले. आमच्या कातकरवाडीत सरकारी नोकरी लागलेली मी पहिली बाई. नवरा पाऊस संपला की वीटभट्टीवर जातो. आमच्याकडचे सगळेच जातात, पोराबाळांसकट. माझ्या नोकरीमुळे माझी मुलगी मंगल भट्टीवर गेली नाही. ती दुसऱ्या आश्रमशाळेत शिकत राहिली. नोकरीचा अर्थ माझ्यासाठी एवढाच होता, आणि तो पुष्कळ होता.

आता पिशवी का उलटी झाली ते सांगते.

शाळेच्या मागे सरांचं क्वार्टर होतं. मुलींसाठी शिजलेलं जेवण दोन्ही वेळा डब्यात भरून तिथे जायचं. हे कुठल्या नियमात बसत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. पोरींना पातळ पाणी आणि क्वार्टरला वरची घट्ट डाळ. डबा नेण्याचं काम मला सांगितलेलं. सरांची बायको दार उघडायची आणि म्हणायची, "ठेव तिथं." मी पायरीवर ठेवायचे. ती तांब्यातून पाणी घेऊन डब्यावर शिंपडायची आणि मग उचलायची. माझ्यासमोर. लाज म्हणून मी वळेपर्यंत थांबावं, तेही नाही.

डाळ मी ढवळलेली. तांदूळ मी निवडलेले. भाजी मी चिरलेली. ते सगळं पोटात चालत होतं. डब्याची कडी तेवढी चालत नव्हती.

पहिल्यांदा मला वाईट वाटलं. आपल्यातच काही घाण आहे की काय, म्हणून मी साबणाने हात घासून डबा न्यायचे. मग एक दिवस तिने पाणी शिंपडलं आणि मला किळस आली. माझी नाही, त्या घराची. लेकरांच्या ताटातलं ओरबाडून खायचं आणि वर पाणी शिंपडून शुद्ध व्हायचं. उष्टं खाणारी माणसं पाहिली आहेत मी, भुकेपायी खातात. ही भरल्या पोटी खात होती.

दुसऱ्या दिवशी मी डबा नेला नाही. सरांनी बोलावलं.

"काय गं, माज आला का?"

मी म्हटलं, "माझ्या हातचा बाटतंय ना सर? मंग मी कशाला आणू. माणूस पाठवा."

सरांनी नुसती मान हलवली. तोवर वरून कोणी कोठी तपासायला येणार अशी बातमी आली होती, आणि डाळ तर कमी होतीच. कोणीतरी चोर लागणार होता. त्याच आठवड्यात पिशवी उलटी झाली.

चोर हा शब्द तुमच्यासाठी शिवी असेल. आमच्यासाठी ती जुनी ओळख आहे, दुसऱ्यांनी लावलेली. गावात पाण्याची मोटर गेली, कोणाची कोंबडी गेली, की पोलीस आधी आमच्या वाडीत. माझ्या बापाला कितीदा तरी नेलं. त्याने काही उचललं म्हणून नाही, कातकरी म्हणून. परत यायचा तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायचा, जेवायचा नाही. तो गेला तेव्हा मला वाटलं, निदान हे तरी संपलं. मी सरकारी नोकर झाले, आता आमच्या घराला चोर कोण म्हणणार. आणि शाळेनेच म्हटलं. मंगल सुट्टीला आली तेव्हा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आई, मला चोरणीची मनतात."

चौकशी शहापूरला एका कचेरीत लागली. चौकशी अधिकारी बाहेरून आलेले, वयस्कर, केस रंगवलेले. समोर खुर्ची रिकामी होती. बस कोणी म्हटलं नाही, मी उभी राहिले. ते कागद वाचू लागले.

"आपण कोठीतील धान्याचा अपहार केला."

मी म्हटलं, "हां."

"आपल्या पिशवीत धान्य आढळून आले."

"हां."

"आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले."

"हां."

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग कबूलच केलंस की. थांबा जरा.

आमच्या वाडीत मोठं माणूस बोलायला लागलं की ऐकणाऱ्याने दर वाक्याला हां म्हणायचं असतं. हुंकार देतात तसं. गप्प बसलं तर बोलणारा चिडतो, म्हणतो मी काय दगडाशी बोलतोय? लहानपणी आजोबा सांगत असताना मी गप्प राहिले म्हणून चापट खाल्ली आहे. हां म्हणजे कानावर आलं, पुढे बोला. एवढंच. पटलं असेल, मान्य असेल, तर आम्ही 'खरा' म्हणतो. खरा हाय. हां ऐकल्याचं, खरा मानल्याचं. वाडीतलं दुधाचे दात पडलेलं पोरगंही या दोहोंत घोटाळा करत नाही.

साहेब वयाने मोठे होते. बोलत होते. मी रीत पाळत होते. त्यांचं संपलं की माझं सांगणार होते, आईचं, वालाचं, क्वार्टरच्या डब्याचं. रस्ताभर ओठातल्या ओठात घोकून आले होते.

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "सही कर."

"माझा बोलना ऱ्हायला," मी म्हटलं.

"कबूल केलंस ना सगळं? मग आता काय बोलायचंय?"

मी कधी काय कबूल केलं ते मला कळेना. मी कागद वाचायला ओढला. त्यांनी त्यावर पंजा ठेवला. "वाचून काय करणार? तुझ्यासमोरच वाचला की." पंजाच्या खालच्या बाजूला सहीपुरती जागा मोकळी होती. शिपाई दार उघडून उभा होता, पुढच्या माणसाला आत घ्यायला. मी सही केली.

बाहेर पडता पडता मागून त्यांचा आवाज आला. कोणाला तरी सांगत होते, "साधी असतात बिचारी. चोरतात आणि कबूलही करून टाकतात." मग त्यांनी चहा मागवला.

मला बडतर्फ केलं. आदेशात लिहिलं होतं, अपचारी कर्मचाऱ्याने सर्व दोषारोप मान्य केल्याने साक्षीदार तपासण्याची आवश्यकता उरली नाही. वरच्या साहेबांकडे अपील केलं. उत्तर आलं, अपिलात नवीन मुद्दा नाही. जुना तरी कोणी ऐकला होता?

मी टोकावड्याच्या पुढे एका ढाब्यावर भांडी घासायला लागले. घाटात जाणाऱ्या गाड्या थांबतात, माणसं खातात, अर्धं टाकतात. मी राखेने पातेली घासत त्या एका शब्दाचा विचार करत राहायचे. मान्य. मी कधी मान्य म्हटलं? एकदा आई ढाब्यावर भेटायला आली. तिच्या शेतमालकाचं काहीतरी गाऱ्हाणं सांगत होती. मी हां हां करत घासत होते. ढाबेवाल्याचा मुलगा आतून ऐकत होता. तो म्हणाला, "तू पण तिच्या सगळ्याला हो म्हणतेस, मग तो शेतमालक वाईटच असणार." आई त्याला म्हणाली, "हो कुठं बोलली ती? आयकते ती."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. शहापूरच्या कचेरीत काय झालं ते मला तेव्हा कळलं. त्या साहेबाने माझी नोकरी माझ्याच तोंडून काढून घेतली होती. आणि त्याला ते माहीतसुद्धा नव्हतं. माहीत करून घ्यायची गरजच त्याला वाटली नव्हती.

कल्याणच्या एका वकीलबाईंचं नाव वाडीत माहीत होतं. जंगलजमिनीच्या दाव्यांत त्या आमच्या लोकांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझं प्रकरण घेतलं. सरकारी नोकरांच्या तक्रारींसाठी मुंबईला वेगळं न्यायाधिकरण असतं. आम्ही त्याला कोर्टच म्हणतो. तिथे लावायचा अर्ज त्यांनी तयार केला आणि मला मराठीतून समजावून सांगू लागल्या.

"अर्जदार ही अज्ञानी, अडाणी आदिवासी स्त्री असून तिला दोषारोपांचे आकलन झाले नाही."

मी विचारलं, "हे कोनाबद्दल हाय?"

"तुमच्याबद्दल. असं लिहावं लागतं. कोर्टाला कणव येते."

"खोटा हाय बाई."

"तुम्हाला नोकरी परत हवी ना?"

"हवी."

"मग सही करा. पुढचं मी बघते."

त्या वाईट नव्हत्या. फी मागत नव्हत्या, चहा पाजला होता, खुर्ची दिली होती. आणि त्या खुर्चीत बसून मला परत तीच किळस आली. सर म्हणाले चोर. साहेब म्हणाले बिचारी. आता माझ्या बाजूचं माणूस म्हणत होतं अडाणी. म्हणजे जिंकायचं असलं तरी आधी खाली बसायचं, डोक्यावर हात फिरवून घ्यायचा, मग उठायचं. माझ्या बापाने पोलिसांसमोर आयुष्यभर हेच केलं. साहेब, आमी अडाणी मानसं. हात जोडून. मार थोडा कमी पडायचा. चोर तसाच राहायचा.

मी म्हटलं, "मी सही नाय करनार. मला समदा समजला होता. मी आयकला. मानला नाय. आमच्यात आयकल्याचा हां असतंय, मानल्याचा खरा. त्यांनी हां आयकला आनि खरा लिवला. आमची बोली त्यांना येत नाय, अडाणी मी कशी?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. थोड्या रागातच होत्या. "हे असं लिहिलं तर समोरचा वकील काय म्हणेल माहीत आहे? म्हणेल, तिला सगळं समजतं, ती स्वतःच सांगते. केस पडू शकते."

"पडू दे," मी म्हटलं. "अडाणी म्हणून जिकायचा नाय मला."

त्यांनी ते वाक्य खोडलं. माझ्याकडून हां आणि खरा पुन्हा समजून घेतलं आणि लिहिलं. मान डोलावली नाही, शाबासकी दिली नाही. बरं झालं.

कोर्टात बऱ्याच तारखा पडल्या. शेवटी सुनावणी झाली. बहुतेक इंग्रजीत चाललं होतं, वकीलबाईंच्या हाताखालची मुलगी मला कानात मराठीत सांगत होती. वकीलबाईंनी वालाचं सुरू केलं. न्यायमूर्तींनी थांबवलं. धान्य कुठलं होतं हे ठरवणं आमचं काम नाही, म्हणाले. आम्ही पुरावा नव्याने तोलत नाही. चौकशी रीतीने झाली की नाही तेवढं बघतो.

मी चोर आहे का, हे सरांनी विचारलं नाही. चौकशीवाल्याने विचारलं नाही. अपीलवाल्याने विचारलं नाही. आणि जिथे मी इतकी वर्षं आशेने बघत होते, तिथे तो प्रश्न बसतच नव्हता.

समोरचा वकील उठला. वकीलबाई म्हणाल्या होत्या तेच बोलला. अर्जदार नववी शिकलेली आहे, मराठी बोलते, अर्जातच म्हणते की तिला समजलं होतं. वकीलबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

न्यायमूर्तींनी कागद उलटले. "जबाब तिला वाचून दाखवला, तो बरोबर असल्याचं तिने सांगितलं, अशी नोंद कुठे आहे?"

"ती प्रत्येक आरोपाला हां म्हणाली, सर," समोरचा वकील म्हणाला.

कोणीतरी हसलं. न्यायमूर्ती हसले नाहीत. "हां म्हणाली हे मी वाचलं," ते म्हणाले. "का म्हणाली, हे चौकशी अधिकाऱ्याने विचारलं का?"

वकील फाइल चाळू लागला.

आदेश झाला. बडतर्फी रद्द. चौकशी पहिल्यापासून, दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे, साक्षीदार तपासून. तोपर्यंत मी निलंबित. हाताखालच्या मुलीने कानात सांगितलं, "मावशी, जिंकलो." मी तिला विचारलं, मी चोर नाय असा कुठं लिवलंय का? ती म्हणाली, नाही, ते चौकशीत ठरेल. म्हणजे जिंकले ते एवढंच, की आता मला पुन्हा विचारावं लागणार होतं.

पंधरवडा गेला असेल. कचेरीतले हेडक्लार्क मोटरसायकलवरून आमच्या वाडीत आले. नवऱ्याने खाट टाकली. त्यांनी आधी खाटेवर वर्तमानपत्र अंथरलं, मग बसले. मंगलने पाणी आणलं. उपास आहे म्हणाले. पाण्याला कसला उपास?

"कशाला पुन्हा चौकशी," ते म्हणाले. "तुम्हालाही ताप, आम्हालाही. सरांची निवृत्ती जवळ आली, त्यांनाही आता वाद नको. एक माफीनामा द्या. माझ्याकडून अनवधानाने चूक झाली, एवढंच. बारीकशी शिक्षा लावतील आणि तुम्ही कामावर रुजू. मी करून देतो सगळं."

नवरा माझ्याकडे बघत होता. पाऊस सरला होता, भट्टीचा मुकादम वाडीत येऊन गेला होता. यंदा मंगलला बरोबर न्यावं लागेल असं नवराच आदल्या दिवशी म्हणाला होता. तो हळूच म्हणाला, "लिवून दे ना गो. सबदच तर हाय."

तो चुकीचं बोलत नव्हता. पोट सगळ्यांना आहे. मी हेडक्लार्कना विचारलं, "चूक म्हंजे कुठली?"

"अहो, तो नुसता शब्द आहे. फायलीला लागतो."

"सबदानीच गेली माझी नोकरी," मी म्हटलं. "मी नाय देनार."

"मग भोगा," ते म्हणाले आणि उठले. वर्तमानपत्राची घडी करून बरोबर नेलं.

दुसऱ्या दिवशी नवरा मुकादमाकडे गेला, एकट्याचंच नाव सांगून आला. मंगल शाळेत परत गेली. तिला तिथे अजून तेच म्हणतात. मी तिला खोटा धीर दिलेला नाही. सांगितलं, म्हणतील, अजून बरंच म्हणतील.

चौकशी पुढच्या महिन्यात आहे. मी अर्ज दिला आहे. मला बसायला खुर्ची पाहिजे. आमच्या बोलीचं माणूस शेजारी पाहिजे. मी जे म्हणेन ते माझ्या शब्दांत लिहायचं, आणि मी वाचल्याशिवाय सही नाही. साक्षीला सर पाहिजेत आणि सरांची बायकोही. वकीलबाई म्हणतात, शाळेतलं कोणी तुमच्या बाजूने बोलणार नाही, पुन्हा बडतर्फ होऊ शकता. होईन. मग पुन्हा अपील करीन, पुन्हा मुंबईला जाईन. कोर्ट पुन्हा म्हणेल, आम्ही फक्त पद्धत बघतो. बघा. नीट डोळे उघडून बघा. तुमची पद्धतच नासलेली आहे, तिचाच वास येतो आहे, आणि तो झाकायला तुम्हाला माझी माफी पाहिजे.

ती मिळणार नाही. नोकरी मिळाली तर करीन. नाही मिळाली तर ढाब्यावर भांडी आहेत. पण चूक या शब्दाखाली माझी सही येणार नाही. ज्याने केली त्याने करावी सही. मी समोरच्या खुर्चीत बसून बघणार आहे.